खालचे दोन बोल्ट

सोमवार, ४ मे

निवृत्त होताना कार्यालयाने मला एक डायरी आणि एक भिंतीवरचं घड्याळ दिलं. घड्याळ रोज दीड मिनिट मागे पडतं. बत्तीस वर्षं वजनमाप निरीक्षक म्हणून लोकांचे तराजू तपासलेल्या माणसाला असलं घड्याळ देताना कोणालाही काही वाटलं नाही. डायरी मात्र चोख आहे, पानं मोजून तीनशे पासष्ट. वर्षभर कोरी ठेवली होती. आजपासून लिहायला घेतो, कारण आज निमित्त मिळालं.

सकाळच्या बातम्यांत सांगितलं की पुढचे दहा-बारा दिवस उन्हाची लाट आहे आणि तिच्या मागोमाग वादळ. वारा ताशी नव्वदपर्यंत, सोबत गारा. ऐकल्याबरोबर मी झोपायच्या खोलीच्या मागच्या खिडकीतून वाकून पाहिलं. आमच्या एसीचं बाहेरचं युनिट, म्हणजे आत पंखा असलेलं ते पांढरं खोकं, खिडकीखाली लोखंडी ब्रॅकेटवर बसवलेलं आहे. ब्रॅकेट भिंतीला चार बोल्टांवर. वरचे दोन माझ्या हाताला लागतात. खालचे दोन लागत नाहीत. तिथे पोचायचं तर मागच्या अंगणात शिडी लावावी लागते, आणि मागचं अंगण दादाचं आहे.

दादा म्हणजे माझा थोरला भाऊ. वडिलांनी बांधलेल्या या घरात खाली तो आणि वहिनी, वर मी आणि ही. मुलं सगळी परगावी. दादाशी मी तीन वर्षं आणि एक महिना बोललेलो नाही.

मंगळवार, ५ मे

काल ते वाक्य लिहिलं आणि डायरी मिटली. पण डायरीशी लपवाछपवी करून काय मिळणार. कारणही नोंदवून ठेवतो.

एसी बसवला त्या उन्हाळ्यात त्याचं पाणी नळीतून दादाच्या पडवीच्या पत्र्यावर पडायचं. टप, टप. दादाने एकदा सांगितलं, दोनदा सांगितलं. तिसऱ्यांदा जिन्यात गाठून म्हणाला, झोप लागत नाही, नळी हलव. मी विषय शास्त्रशुद्ध पद्धतीने हाताळला. नळीखाली मोजपात्र धरून तासाचं पाणी मोजलं, मिनिटाचे थेंब मोजले आणि दोन पानी अहवाल तयार करून त्याच्या हातात दिला. निष्कर्ष असा की आवाज सहन करण्याजोगा आहे. खाली सही आणि तारीख. घरातला मामला म्हणून शिक्का मारला नाही.

दादाने दोन्ही पानं उभ्या उभ्या वाचली. म्हणाला, "मापाड्या, पाणी मोजायला नव्हतं सांगितलं." मापाड्या हे त्याने लहानपणी ठेवलेलं नाव. एका पेरूचे दोन भाग केले तरी मी पट्टी लावायचो म्हणून. मग तो आत गेला आणि दार लावून घेतलं. त्यानंतर तो बोलला नाही आणि मीही नाही. चूक कोणाची ते अहवालात स्पष्ट आहे.

दर रविवारी मी नळी दोरीने वर ओढून घेतो आणि अजूनही तासाचं पाणी मोजतो. उद्या वाद निघाला तर आकडे हाताशी हवेत. तीन वर्षांत वाद निघालेला नाही.

गुरुवार, ७ मे

दुपारी बाहेर बेचाळीस. एसीचा मेकॅनिक येऊन गेला. पन्नाशीचा माणूस, कानावर पेन्सिल, आणि प्रत्येक वाक्याआधी "बघा" म्हणायची सवय. त्याने दिलेल्या सूचना अशा: वादळ आलं की एसी बंद, मेन स्विचही बंद. युनिट वरून झाका, बाजूंनी मोकळं ठेवा. चालू असताना गुंडाळून ठेवायचं नाही, हवा कोंडली की मशीन जाईल. वादळ ओसरल्यावर लगेच सुरू करायचं नाही, आधी मला बोलवा.

त्याने वरचे दोन बोल्ट आवळले. मग खिडकीतून अर्धा बाहेर लोंबून खाली पाहिलं.

"बघा, खालचे गंजलेत. एक तर गेल्यात जमा आहे. खालच्यांना सांगा, शिडी लावू द्या म्हणावं. पाच मिनिटांचं काम."

मी म्हणालो, ते शक्य नाही. तो म्हणाला, का, घरात नसतात का? मी म्हणालो, असतात. त्याने माझ्याकडे पाहिलं, मग हिच्याकडे पाहिलं. ही पडदा सारखा करत होती.

"बघा मग," तो म्हणाला. "वरचे दोन मी आवळलेत. खालचे दोन देवाच्या हवाली."

शुक्रवार, ८ मे

हिला एसीची एवढी काळजी असेल असं वाटलं नव्हतं. वादळाची बातमी लागली की हातातलं काम टाकून येते. काल दोनदा विचारलं, "अहो, ते खोकं राहील ना जागेवर?" वास्तविक हिला एसी सोसत नाही. खांदे दुखतात म्हणून ही पुढच्या खोलीत पंख्याखाली झोपते. माणसाचा स्वभाव वयानुसार बदलतो, तसं काही असावं.

उन्हावरून आठवण झाली. मागच्या उन्हाळ्यात वहिनीला उष्माघात झाला होता. स्वयंपाकघरातच कोसळली. चार दिवस दवाखान्यात होती. डॉक्टरांनी सांगितलं, यापुढे दुपारच्या उन्हाला जपा, पुन्हा झालं तर अवघड आहे. ही रोज डबा घेऊन जायची. जावा-जावांनी बोलणं कधी सोडलं नाही, त्यांचं आपलं जिन्यात चालू असतं. मी तिसऱ्या दिवशी दवाखान्याच्या फाटकापर्यंत गेलो. दादा बाकावर बसलेला दिसला, दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून. पस्तीस वर्षं मालधक्क्यावर पेट्या बांधलेले ते हात नुसते पडून होते. मी फाटकातून परत आलो. हे मी हिलाही सांगितलेलं नाही. त्या दिवसाची मला लाज वाटते.

शनिवार, ९ मे

निरीक्षकाची नजर निवृत्त होत नाही. खालील बाबी आढळल्या.

मी रोज दोन ते पाच वाचनालयात असतो. तिथे पंखे उंच आहेत आणि वर्तमानपत्रं बारा येतात. परत येतो तेव्हा खोली गार असते, म्हणजे दुपारी एसी चालू असतो. मी चोवीसवर ठेवून जातो, तो सव्वीसवर सापडतो. माझ्या उशीला निलगिरीच्या तेलाचा वास येतो. हिला विचारलं तर म्हणाली, "सहज लावते मधूनमधून." एसी की तेल, ते स्पष्ट झालं नाही.

दाराशी चपलांचा एक जास्तीचा जोड दिसला. हिचं माप पाच, हा जोड सातचा आहे. संध्याकाळी नव्हता. उन्हाने पाय सुजत असावेत, पण दोन नंबरांनी सुजणं हे जास्त वाटतं. लक्ष ठेवायला हवं.

रविवार, १० मे

पाणी मोजलं. एका तासात एक लिटर दोनशे. हवेत दमटपणा वाढला आहे.

नळी खाली सोडताना दादाच्या पत्र्याकडे लक्ष गेलं. नळीच्या बरोबर खाली एक जुनं पोतं पडलेलं आहे. दोन-तीन वर्षं पाहतो आहे. दादाच्या घरात कधी एक सुतळी इकडची तिकडे नसायची. पेट्या बांधायचा तेव्हा दोराची टोकंसुद्धा सारखी कापायचा. आता पत्र्यावर पोतं कुजतं आहे आणि त्याला पर्वा नाही. माणूस रागाने किती ढिला होतो याचं हे उदाहरण आहे.

मंगळवार, १२ मे

बातम्यांत वादळाचा दिवस सांगितला, शनिवार. मी आजच काम उरकलं. युनिटवर आधी गादीची खोळ, तिच्यावर जाड प्लास्टिक, त्यावर चिकटपट्टी, एकूण सहा रिळं. वरून, खालून आणि चारही बाजूंनी. मेकॅनिक बाजू मोकळ्या ठेवा म्हणाला होता, पण गारा काय फक्त वरून पडतील या भरवशावर राहणं मला पटत नाही. वारा त्यांना आडव्या आणतो. मेकॅनिकचा अनुभव मशिनचा आहे, गारांचा नाही.

काम संपल्यावर खिडकीतून बराच वेळ पाहत राहिलो. एखाद्या दातदुखीच्या पेशंटसारखं दिसत होतं, पण सुरक्षित. ही म्हणाली, "अहो, पण मग उद्या दुपारी लावायचा कसा?" मी म्हणालो, शनिवारपर्यंत लावायचा नाही. चार दिवसांचा प्रश्न आहे. जेवताना तिचं लक्ष नव्हतं.

बुधवार, १३ मे

बाहेर त्रेचाळीस. वाचनालयातून आलो तर मेन स्विच पडलेला आणि खोली अर्धवट गार. हिने एसी लावला होता, गुंडाळलेला असताना. हवा कोंडली, मशीन तापलं आणि बंद पडलं. ही म्हणाली की चूक झाली. हिच्या चेहऱ्यावर घाम होता आणि ओला पंचा दोरीवर वाळत होता. स्विच वर केला तर मशीन परत सुरू झालं.

पण नवल पुढे आहे. खिडकीतून पाहिलं तर चारही बाजूंचं प्लास्टिक गेलेलं. फाडलेलं नाही, सरळ रेषेत कापलेलं. वरचं झाकण तेवढं ठेवलेलं, आणि ते चिकटपट्टीने नव्हे, दोराने बांधलेलं. चारही कोपऱ्यांना सारख्याच गाठी. टोकं सारखी कापलेली. एका गाठीचं टोक ओढून पाहिलं, एका हिसक्यात सुटली. नंतर मला ती परत मारता आली नाही.

"मेकॅनिक आला होता का?" मी विचारलं.

"हो," ही म्हणाली. "आला होता एक जण."

"काय म्हणाला?"

"काही नाही. काम करून गेला. पाणीसुद्धा घेतलं नाही."

असा कारागीर या काळात विरळा. अशी गाठ दादा मारायचा. लहानपणी मला शिकवायचा, मला जमायची नाही, मग माझ्या दप्तराचा पट्टा तोच बांधून द्यायचा. पण जगात अशी गाठ मारणारे पुष्कळ असतील.

गुरुवार, १४ मे

दाढीचा आरसा छत्रीच्या दांड्याला बांधला आणि खिडकीतून खाली सोडून खालचे बोल्ट तपासले. डावा स्वच्छ, तेल लावलेला, घट्ट. उन्हाच्या तडाख्याने गंज आपोआप झडला असावा. धातू तापून फुगतो आणि घट्ट बसतो, हे शाळेत शिकवलेलं आहे. उजवा मात्र नाहीच. गंजून तुटून पडलेला, भिंतीत नुसतं भोक. म्हणजे खोकं तीन पायांवर उभं आहे आणि परवा नव्वदचा वारा आहे.

आता दादाला विचारल्याशिवाय गत्यंतर नाही. जिना उतरलो. सतरा पायऱ्या. त्याच्या दाराशी उभा राहिलो. दारावर वडिलांच्या नावाची पाटी आहे, ती वाचली. आतून खोकल्याचा आवाज आला. मग परत सतरा पायऱ्या चढून वर आलो.

काय बोलायचं हा प्रश्न नव्हता. "दादा, शिडी लावू का?" एवढंच बोलायचं होतं. पण तीन वर्षांनी पहिलं वाक्य शिडीबद्दल बोलायचं हे मला जड गेलं. आणि दुसरं कोणतं बोलायचं तेही सुचेना.

शुक्रवार, १५ मे

सकाळी अर्ज लिहिला. विषय: मागील अंगणात शिडी लावण्यास परवानगी मिळणेबाबत. महोदय, उपरोक्त विषयास अनुसरून विनंती करण्यात येते की, इत्यादी. सोबत ब्रॅकेटची आकृती, मापांसह.

हिने वाचला. बराच वेळ वाचत होती.

"अहो," ही म्हणाली, "सख्ख्या भावाला अर्ज?"

मी म्हणालो, तोंडी बोलण्याचा पुरावा राहत नाही. ही म्हणाली, "तुम्हाला पुरावा हवाय की भाऊ?" मी म्हणालो, मला शिडी हवी आहे. तिने अर्ज घडी करून पदराशी धरला आणि खाली घेऊन गेली. परत आली ती रिकाम्या हाताने. मी विचारलं, काय म्हणाला दादा? म्हणाली, "वाचला. चष्मा पुसला आणि परत वाचला."

संध्याकाळपर्यंत उत्तर नाही. अर्जाला उत्तर देण्याची मुदत कार्यालयात पंधरा दिवसांची असते, पण वादळ उद्या आहे.

शनिवार, १६ मे

हात दुखतो आहे, अक्षर वाकडं येईल.

वादळामुळे वाचनालय बंद होतं, त्यामुळे दुपारी मी घरीच. उकाडा असा की भिंतीला हात लावला तर चटका. एसी लावून चोवीसवर पडलो होतो. ही मात्र स्वस्थ नव्हती. ओले पंचे घेऊन खाली जायची, वर यायची, पुन्हा खाली. चौथ्या वेळी मी विचारलं, काय चाललंय? म्हणाली, "जाऊबाईंना बरं नाहीये. गरगरतंय त्यांना." मी म्हणालो, मग गार हवेत बसवा. ही माझ्याकडे पाहत राहिली. मग म्हणाली, "हो. तेच बघतेय, कुठे बसवता येईल."

मला त्या वेळी कळलं नाही. लिहिताना कळतं आहे. वरच्या मजल्यावर खोली गार होती, आणि खोलीत मी होतो.

साडेतीनला आभाळ अचानक काळं झालं. मी एसी बंद केला, मेन स्विच बंद केला, सूचनेप्रमाणे. तोवर वारा आलाच. कोणाचा तरी पत्रा रस्त्यावर घसरत गेला. मागून गारा, आधी हरभऱ्याएवढ्या, मग सुपारीएवढ्या. वरचं झाकण जागचं हललं नाही, गाठी पक्क्या होत्या. पण खोकं उजवीकडून डुलायला लागलं. तुटक्या बोल्टाच्या बाजूचा पाय भिंतीपासून सुटायचा आणि परत आदळायचा. प्रत्येक धक्क्याला वरचा बोल्ट थोडा बाहेर येत होता. खोकं सुटलं तर सरळ दादाच्या पडवीवर, आणि पडवीत वहिनीची खाट. उकाड्याने ती तिथेच झोपते.

मी खिडकी उघडली आणि वाकून खोक्याची कड धरली. एकसष्टाव्या वर्षी हे काम करू नये. मी खाली ओरडलो, "वहिनीला आत घ्या!" तीन वर्षांनी पहिलं वाक्य ते झालं.

"घेतलीय आत," खालून आवाज आला.

पाहिलं तर दादा शिडीवर होता. सहासष्ट वर्षांचा माणूस, गारांत, डोक्यावर मोठं पातेलं उपडं बांधलेलं, कमरेला दोर. पातेल्यावर गारा वाजत होत्या. त्याने दोराचं एक टोक ब्रॅकेटच्या सुटलेल्या पायाला बांधलं आणि दुसरं वर फेकलं. पहिल्यांदा हुकलं, दुसऱ्यांदा माझ्या तोंडावर बसलं.

"मापाड्या, धर."

धरलं.

"खिडकीच्या आडव्या गजाभोवती घे आणि ओढ."

"किती?" मी विचारलं.

"मोजू नकोस. ओढ."

मी ओढलं. पाय भिंतीला टेकला. दादा खालून गाठ सांगत होता, वरून घे, खालून काढ, फास सोड. मला ती लहानपणीही जमली नव्हती. दोनदा सुटली. तो म्हणाला, "राहू दे. तू नुसता धरून ठेव. मी खालून ताण देतो." मग त्याने खालच्या खांबाला दुसरा फेरा घेतला आणि आम्ही दोघं धरून राहिलो. मी थोडा सैल पडलो की दोर खालून ओढला जायचा, आणि तो सैल पडला की मला कळायचं. किती वेळ धरलं ते सांगता येत नाही. घड्याळ मागच्याच भिंतीवर होतं, वळून पाहिलं नाही.

गारा थांबल्या तेव्हा मी दोर गजाला कसाबसा गुंडाळला आणि अनवाणी खाली पळालो. दार उघडं होतं. स्वयंपाकघरात वहिनी भिंतीला टेकून बसली होती, डोक्यावर ओला पंचा, आणि ही तिला वारा घालत होती. दोघींनी मान वर करून मला पाहिलं. मी मागच्या दाराने अंगणात गेलो आणि शिडी धरली. दादा अजून वर होता. त्याच्या कोपरावर गार लागून टेंगूळ आलं होतं.

मान वर केली तर पत्र्यावरचं ते पोतं समोरच होतं. जवळून पाहिलं. कुजलेलं नव्हतं. चार पदरी घडी घातलेली आणि पत्र्याच्या कडेला बांधलेलं. त्याच गाठी. नळीतून उरलंसुरलं पाणी त्यावर पडत होतं आणि आवाज अजिबात येत नव्हता.

"हे कधी घातलंस?" मी विचारलं.

"तू अहवाल दिलास, त्याच्या दुसऱ्या दिवशी."

"मग आवाज?"

"त्या दिवशीच बंद झाला. फाटतं तेव्हा बदलतो."

"मग तीन वर्षं..."

दादा गाठ आवळत होता. खाली न पाहता म्हणाला, "वाटलं होतं, खाली येऊन बघशील."

बत्तीस वर्षं मी जागेवर जाऊन पाहणी केल्याशिवाय कोणाविरुद्ध एक ओळ लिहिली नव्हती. सख्ख्या भावाच्या बाबतीत सतरा पायऱ्या उतरलो नाही, आणि दर रविवारी वरून माप घेत राहिलो. मी शिडी घट्ट धरून ठेवली. दादा एकेक पायरी उतरून खाली आला, पातेलं सोडलं, तोंड पुसलं, तरी मी धरूनच होतो.

"सोड आता," तो म्हणाला. "उतरलो मी."

रविवार, १७ मे

वीज नाही. हात सुजला आहे. पाणी मोजण्याचा प्रश्न आला नाही.

सकाळी दादाकडे गेलो. पडवीच्या खांबाला एक खिळा आहे, त्याला माझा तीन वर्षांपूर्वीचा अहवाल अडकवलेला, आणि त्याच्यावर परवाचा अर्ज. मी म्हणालो, हे कशाला ठेवलंस? म्हणाला, "वर्तमानपत्र आलं नाही की वाचतो. तुझं अक्षर चांगलं आहे."

मग म्हणाला की आकृतीतलं एक माप चुकलं आहे, ब्रॅकेटचा पाय पावणेदोन फूट नाही, दीड फूट आहे. त्याने बोल्ट आवळताना वितीने पाहिलं होतं. कोणता बोल्ट आणि कधी, हे मी विचारायला गेलो आणि मधेच थांबलो. डावा बोल्ट. तेल लावलेला. धातू फुगतो वगैरे मी जे गुरुवारी लिहिलं आहे ते खोडत नाही, राहू दे. माझ्या अकलेचं तेही एक माप आहे.

मंगळवार, १९ मे

वीज काल आली. आज मेकॅनिक आला. आधी युनिट उघडून वाळवलं, गारांनी चेपलेल्या जाळीच्या पातळ पत्त्या एका बारीक कंगव्याने सरळ केल्या, आणि दादाच्या शिडीवरून उजवा बोल्ट नवा घातला. दोर पाहून म्हणाला, "बघा, हे कोणी बांधलं? हे होतं म्हणून राहिलं." दादा म्हणाला, वर माझा भाऊ होता. मेकॅनिक म्हणाला, गाठीबद्दल विचारतोय. दादा म्हणाला, मी दोघांबद्दल सांगतोय.

तेरा तारखेला तुम्हीच आला होतात ना, असं मी मेकॅनिकला विचारणार होतो. विचारलं नाही.

दुपारी एसी सुरू झाला. मी स्वतः खाली जाऊन वहिनीला म्हणालो, "वहिनी, रोज दुपारी वर येऊन झोपा. माझी खोली रिकामीच असते." वहिनीने हिच्याकडे पाहिलं, हिने छताकडे पाहिलं. वहिनी म्हणाली, "येईन हो भावोजी. बरं झालं तुम्ही म्हणालात."

ती वर आली. पहिल्यांदाच येते आहे म्हणून मी एसी कसा लावायचा ते समजावून सांगायला लागलो. रिमोट सापडेना. वहिनीने माझ्या निरोपाच्या घड्याळामागे हात घातला, रिमोट काढला आणि सव्वीसवर लावला. मग पदराच्या गाठीतून निलगिरीच्या तेलाची बाटली काढून उशाशी ठेवली. दाराशी तिच्या चपला होत्या, माप सात.

मी वाचनालयात गेलो. बारा वर्तमानपत्रं होती, एकही वाचलं नाही.

रविवार, २४ मे

दुपारी वाचनालयात न जाता मोजपात्र काढलं, मग ते घेऊन खाली गेलो. दादा पडवीत बसला होता. मी म्हणालो, नळी आता आपण लांब करून कुंड्यांकडे नेऊ, पत्र्यावर नको. तो म्हणाला, चालेल. तासाभरात जोडली. नळीचं टोक बादलीत सोडलं. वर वहिनी झोपली होती, एसी चालू होता आणि बादलीत थेंब पडत होते. बादलीत पोतं नाही, त्यामुळे आवाज येत होता. टप, टप. दादा ऐकत बसला.

थोड्या वेळाने म्हणाला, "मापाड्या, तासाला किती पडतं रे हे?"

तीन वर्षांचे सगळे रविवार मला पाठ आहेत. उन्हाळ्यातले वेगळे, पावसाळ्यातले वेगळे. सरासरीसुद्धा काढलेली आहे. नोकरीत आणि नोकरीनंतर मी कोणालाही खोटं माप दिलेलं नाही.

"माहीत नाही," मी म्हणालो.

"मग बस," तो म्हणाला. "मोजू."

बादलीच्या जागी मोजपात्र ठेवून आम्ही बसलो. मध्येच त्याने मालधक्क्यावरच्या कुठल्याशा उलटलेल्या पेटीची गोष्ट काढली, मग दवाखान्यातल्या चार दिवसांची. मी फाटकापर्यंत आलो होतो हे त्याला सांगितलं. तो म्हणाला, "दिसला होतास." त्या बोलण्यात तास कधी उलटून गेला ते कळलं नाही, आणि मोजपात्र भरून वाहून गेलं. माप चुकलं. दादाने मोजपात्र कुंड्यांत रिकामं केलं आणि परत नळीखाली ठेवलं, आणि आम्ही पुन्हा पहिल्यापासून मोजायला बसलो.